ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर शाळेत टिकवायचं कसं : जुलै ते मे, कामाचा पूर्ण क्रम

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, पहिल्या दिवशी हजेरी घेताना आठ-दहा नावांना ‘हजर’ येतच नाही आणि तिथून आपली धावपळ सुरू होते. घरी जाऊन बघतो तर दाराला कुलूप किंवा ओट्यावर एकटी आजी. ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी गेलेली असते, पोर आईबापासोबत ट्रकच्या टपावर बसून कुठल्यातरी कारखान्यावर पोचलेलं असतं आणि आपण हजेरीत लाल शाईने गैरहजेरी भरत बसतो. मी स्वतः पहिली चार वर्षं हेच केलं. चौथ्या वर्षी सहावीतली एक पोरगी अशीच गेली, मी नोव्हेंबरात तिच्या घरी गेलो, आजी म्हणाली, “गुरुजी, पोळ्याला आला असतात तर ठेवली असती, आता उचल घेतली, तान्हं लेकरू संभाळायला कोण?” उचल म्हणजे मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच घेतलेले पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. ती पोरगी परत शाळेत आलीच नाही. त्या आजीचं वाक्य डोक्यात ठेवूनच हे लिहितोय.

बीड जिल्ह्यातले धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, शेजारचे पाथर्डी-शेवगाव, जालन्याचा काही भाग, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्यांसाठी हे आहे. वीटभट्टी, कोळसाभट्टी, खडीक्रशर यावर जाणाऱ्यांच्या गावातही क्रम तोच चालतो, फक्त महिने बदलतात. गरिबीमुळं पोरं मागे पडतात हे आपल्याला माहीत आहे, पण ती नेमकी कुठल्या दिवशी, कुठल्या कारणाने निसटतात ते कळलं तरच हात घालता येतो. ऊसतोडीत तो दिवस उचल घेण्याचा असतो, टोळी निघण्याचा नव्हे. सगळं काम त्या आधी लावायचं.

टप्पा १ : जुलै-ऑगस्टमधली यादी

एक साधी शंभर पानी वही घ्या. सरकारी नमुना वेगळा येईल तेव्हा येईल, ही तुमची स्वतःची. प्रत्येक वर्गातून जाणाऱ्या घरांची नावं लिहा आणि पुढे इतकं भरा: घरातून कोण कोण जाणार, मुकादम कोण, गेल्या वर्षी कुठल्या कारखान्यावर होते, बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर की ट्रकच्या टोळीत, मागे घरी कोण राहतं, आणि घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण भरत नाहीत. तान्हं लेकरू असलं की दहा-बारा वर्षांची मोठी बहीण सोबत जाणार हे जवळजवळ ठरलेलं असतं, कारण नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता होतो, बाई लेकरात अडकली तर अर्धा कोयता राहतो आणि फिटायची उचल तेवढीच राहते. म्हणजे तुमच्या सहावीतल्या पोरीचा प्रश्न हा तिच्या धाकट्या भावाच्या पाळण्याचा प्रश्न आहे. तो सोडवल्याशिवाय तिच्या अभ्यासावर कितीही बोला, काही होत नाही.

मोबाईल नंबर तीन घ्या. बापाचा, मुकादमाचा आणि गावातच राहणाऱ्या एका शेजाऱ्याचा किंवा नातेवाईकाचा. बापाचा नंबर रिचार्ज संपला की बंद पडतो, फोन फडात (तोडणीच्या उसाच्या रानात) चार्ज होत नाही, काही वेळा कारखान्यावर गेल्यावर नवीनच सिम घेतलं जातं. मुकादमाचा नंबर मात्र चालू असतो, त्याचा धंदाच त्यावर आहे.

ही माहिती वर्गात उभं करून विचारायची नाही. “कोणाकोणाचे आईवडील ऊस तोडायला जातात, हात वर करा” असं मी विचारलेलं आहे, आणि त्या दिवशी हात खाली ठेवून बसलेली दोन पोरं नंतर महिनाभर माझ्याशी मोकळी बोलली नाहीत. सुट्टीत, पाणी पिताना, शाळेतून घरी जाताना सोबत चालत विचारायचं, नाहीतर सरळ आजीला विचारायचं.

तपासा: ऑगस्ट संपताना यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘मागे कोण राहतं’ आणि ‘लहान लेकरू’ हे दोन्ही रकाने भरलेले आहेत का? एखादा रिकामा असेल तर त्या घरी तुम्ही गेलेलाच नाही.

टप्पा २ : कागदं, आईबाप गावात असेपर्यंतच

हा टप्पा लोक दुसऱ्या सत्रात करतात आणि मग अडकतात. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे का, जन्मतारीख जुळते का, बँकेचं खातं चालू आहे का की दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलंय, जातीचा दाखला काढलाय का. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापाची कागदं आणि सही लागते, तो माणूस नोव्हेंबर ते मार्च चारशे किलोमीटरवर असतो.

याचं नुकसान कुठे होतं ते एका उदाहरणाने सांगतो. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न वर्षाला ३ लाख ५० हजारांच्या आत हवं, पोर सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. ऊसतोड करणाऱ्या घरासाठी ही चार वर्षांची रक्कम म्हणजे पोराला नववीत कोयता हातात न देण्याचं रोख कारण आहे. पण फॉर्म भरायचे दिवस आणि टोळी जायचे दिवस एकमेकांना चिकटून येतात, दाखला नसला की हुशार पोराचा फॉर्मच राहतो. म्हणून सातवीच्या वर्गातच, पुढच्या वर्षीची वाट न बघता, कागदांची फाईल तयार करून शाळेच्या कपाटात ठेवायची. झेरॉक्स दोन-दोन.

एका शनिवारी महा ई-सेवा केंद्रवाल्याला आणि तलाठ्याला शाळेत बोलवून घ्या, सरपंचाच्या कानावर आधी घाला. पालकाला तालुक्याला जायला लावलं तर एक दिवसाची मजुरी जाते, जीपचं भाडं जातं आणि तिथे गेल्यावर ‘उद्या या’ ऐकायला मिळतं, मग तो परत जात नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

टप्पा ३ : घरी जाऊन बोलणं

वेळ : पोळ्याच्या आसपास, मुकादम दारात येऊन गेलेला नसताना. संध्याकाळी सातच्या पुढे, आई घरात असताना. फक्त बापाशी बोलून आलात तर अर्धंच काम झालं, कारण लेकराला कोणाजवळ ठेवायचं याचा निर्णय बहुतेक आई आणि आजी मिळून घेतात.

काय बोलायचं नाही ते आधी सांगतो. “शिक्षणाचं महत्त्व” हा विषय काढायचा नाही. जो माणूस पहाटे चारला उठून थंडीत ओला ऊस तोडतो त्याला आपलं पोर यातून सुटावं असं आपल्याहून जास्त वाटतं. त्याला भाषण दिलं की तो मान खाली घालून ‘हो गुरुजी’ म्हणतो आणि ठरलेलंच करतो. “तुम्हीच पोराचं वाटोळं करताय” असं तर कधीच नाही.

विचारायचे प्रश्न असे:

- मागं कोण राहणार आहे, त्यांच्याच्यानं दोन वेळचा स्वयंपाक होतो का?
- धाकट्याला कोण बघणार?
- पोरगी मोठी झालीय म्हणून मागं ठेवायला भीती वाटते का? कशाची?
- गेल्या वर्षी तिकडे गेल्यावर पोर दिवसभर काय करत होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या. पाणी आणणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधणं, जनावरं बघणं, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) भाकरी करणं, लेकरू संभाळणं, हे सगळं निघतं. आईबाप बोलता बोलता स्वतःच मोजायला लागतात. भीतीचा प्रश्न मात्र आईला बाजूला, शक्यतो शाळेतल्या मॅडमनी किंवा अंगणवाडी ताईंनी विचारायचा. बारा-तेरा वर्षांची पोरगी मागे ठेवायची तर कोणाच्या जिवावर, आणि सोबत न्यायची तर उघड्या माळावरच्या कोपीत, दोन्हीकडे धास्ती आहे, आणि या धास्तीतूनच लवकर लग्न उरकलं जातं. ही भीती खरी आहे हे मान्य करूनच पुढचं बोलता येतं. बालविवाहाची कुणकुण लागली तर चाइल्डलाइन १०९८ आहे, गावात ग्रामसेवकाकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी आहे, पण ते शेवटी. आधी त्या आईला दुसरी सोय दिसली पाहिजे.

टप्पा ४ : पोर राहणार की जाणार, हे सप्टेंबरात पक्कं करा

तीन वाटा आहेत आणि तिन्हीची तयारी वेगळी.

पहिली वाट, पोर गावातच आजीकडे किंवा चुलत्याकडे राहील आणि हंगामी वसतिगृहात जेवेल. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ही सोय होते, शाळा व्यवस्थापन समिती चालवते, पोरं शाळेत दोन वेळा जेवतात आणि बऱ्याच गावांत रात्री नातेवाइकांकडे झोपतात. यात हमखास होणारी चूक तारखांची आहे. मंजुरी यायला, शिधा यायला उशीर होतो आणि टोळी दसऱ्यानंतर हलायला लागते, मधल्या दोन-तीन आठवड्यांत आजी थकते, भाकरी करायला जमत नाही म्हणते आणि पोर पुढच्या ट्रकने रवाना होतं. म्हणून समितीचा ठराव ऑगस्टच्या बैठकीत घ्या, नावांची यादी, पालकांच्या सह्या, मागे राहणाऱ्या माणसाची सही, हे सगळं लावून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या. मधल्या दिवसांसाठी गावातच बघा, कोणी दळण देतं, कोणी तेल देतं, बचत गटातली एखादी बाई स्वयंपाक करते. आमच्या गावात दोन वर्षं पहिले अठरा दिवस असेच निघाले. दुपारचं जेवण शालेय पोषण आहारातून आहेच, पण त्यात पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं, ते एका वेळचं जेवण आहे. ज्या पोराची आई घरी नाही त्याची सकाळ आणि रात्र कोण बघतं हे विचारायलाच हवं.

दुसरी वाट निवासी सोयीची. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, आणि ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. जागा, इयत्तेची अट, कागदं हे जुलैतच प्रत्यक्ष जाऊन विचारून या, फोनवर नीट कळत नाही. पोरीला आणि आईला एकदा ती जागा दाखवून आणा. खोली, संडास, रात्री कोण असतं हे आईने डोळ्याने बघितलं की तिचा अर्धा घोर जातो.

तिसरी वाट, पोर जाणारच. दरवर्षी काही घरांत दुसरा इलाजच नसतो, मागे कोणीच नसतं. तिथे हट्ट करून संबंध तोडू नका, तो आपला पराभव समजू नका, फक्त ते तयारीने जाईल असं बघा.

सावधान: ‘राहील’ म्हणून लिहिलेलं पोर ट्रक निघायच्या सकाळी आईला बिलगून रडतं आणि टपावर चढतं, असं दरवर्षी एक-दोनदा होतं. आठ वर्षांच्या पोराने आईपासून सहा महिने लांब राहायचंय. त्या सकाळी आणि नंतरचे आठ दिवस तुम्ही तिथे असायला हवं. शक्य असेल तर त्या आठवड्यात रजा घेऊ नका.

टप्पा ५ : जाणाऱ्या पोराची पिशवी

टोळी निघायच्या आधीच्या पंधरा दिवसांत हे करायचं.

शिक्षण हमी पत्रक (जाणाऱ्या पोराने तिकडच्या शाळेत दाखवायचा आपल्या शाळेचा कागद) भरा, पण नुसते गुण टाकून मोकळे होऊ नका. तिकडच्या गुरुजींना ‘गणित ४२’ वाचून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘हातच्याची बेरीज येते, हातच्याची वजाबाकी चुकते, जोडाक्षरं अडखळत वाचतो, गोष्ट सांगायला आवडते, डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून पुढे बसवा.’ चार ओळी पुरतात. पत्रक बापाच्या हातात द्या, मोबाईलवर त्याचा फोटो काढून द्या आणि एक फोटो स्वतःकडे ठेवा, कारण कागद कोपीत भिजतो.

पाठ्यपुस्तकं पोरासोबत द्या. ‘हरवतील’ म्हणून शाळेत ठेवून घेणारे बरेच आहेत. ती मोफत मिळालेली पुस्तकं त्याचीच आहेत, हरवली तर हरवली. सोबत दोन वह्या, तीन पेन्सिली, एक गोष्टीचं पुस्तक, आणि हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाडी बांधून, म्हणजे दव आणि पाणी लागत नाही. एका वहीत तुम्ही स्वतः रोज अर्ध्या तासाचं काम लिहून द्या, शंभर दिवसांचं नको, वीस दिवसांचं द्या. शंभर दिवसांची वही बघून पोर उघडतच नाही.

नाव कमी करू नका. पटावर ठेवा, शेऱ्यात ‘हंगामी स्थलांतर’ लिहा. ऑनलाइन नोंदीत काय करायचं ते केंद्रप्रमुखांना विचारून, तिकडची शाळा ठरल्यावरच करा. आणि दोन्हीकडे हजर दाखवायचा मोह कोणी करू नये, त्याने पोर कागदावर शिकतं आणि खरं कुठेच नसतं.

टप्पा ६ : तिकडच्या शाळेत दाखल करणं

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पलीकडे बेळगाव, कुठेही गेलं तरी पोराला जवळच्या शाळेत बसता येतं. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा (कलम ४), दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही (कलम ५), जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही (कलम १४), वर्ष सुरू होऊन गेलं म्हणूनही नाकारायचं नाही (कलम १५). हे चार आकडे हमी पत्रकाच्या मागे पेनाने लिहून देत जा, पालक तोंडी भांडू शकत नाही पण कागद पुढे करू शकतो.

तरी खरं काम एका फोनने होतं. टोळी पोचल्यावर आठवड्याच्या आत मुकादमाला फोन करून कोप्या कुठल्या गावाच्या शिवारात टाकल्यात ते विचारा, त्या गावच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवा आणि स्वतः बोला: “सर, माझी चार पोरं तुमच्या गावात आलीत.” ‘माझी’ म्हणा. समोरच्या माणसाचा सूर बदलतो हे मी अनेकदा पाहिलंय. ट्रकच्या टोळ्या कारखान्याच्या आवारात न राहता फडाजवळ राहतात आणि फड संपला की गाव बदलतात, तेव्हा महिन्याला नवा फोन करावा लागेल. बेळगावकडे गेलेल्यांसाठी मराठी माध्यमाची शाळा कुठे जवळ आहे ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर पोर कन्नड वर्गात चार दिवस बसून उठून येतं.

आणि ज्यांच्याकडे अशी पोरं येतात त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या शिक्षक मित्रांना विनंती. पहिल्या दिवसापासून ताट द्या, नोंदीचं नंतर बघा. शेवटच्या बाकावर एकत्र बसवू नका. त्यांच्या बोलीवर वर्ग हसला तर तिथल्या तिथे थांबवा. पोर लेकराला कडेवर घेऊन आलं तर परत पाठवू नका, अंगणवाडी शेजारीच असते, ताईंशी बोला. आणि उसाची गाडी रात्री-बेरात्री भरली जाते, कोपीतलं सगळं घर जागं असतं, त्यामुळं सकाळी दहाला पेंगणारं पोर आळशी नसतं, त्याला वीस मिनिटं झोपू द्या, मग शिकवा.

तपासा: डिसेंबर उजाडताना प्रत्येक गेलेल्या पोराच्या नावापुढे शाळेचं नाव किंवा निदान गावाचं नाव आहे का?

टप्पा ७ : मधले महिने

पंधरा दिवसांतून एक फोन, ठरलेल्या वारी, रात्री आठनंतर. पोराशी बोला, बापाशी नंतर. “अभ्यास केलास का?” हा पहिला प्रश्न नको, नाहीतर पुढच्या वेळी पोर फोनवर येत नाही. काय जेवलास, तिकडे नदी आहे का, कोण मित्र झाला, हे विचारा. वर्गातल्या पोरांना त्याच्याशी दोन मिनिटं बोलू द्या, किंवा त्यांच्या आवाजातला मेसेज पाठवा. ज्याला आपली वर्गात आठवण काढतात हे माहीत असतं ते पोर एप्रिलमध्ये स्वतःहून शाळेत येतं. या टप्प्यात याहून जास्त काही करायची गरज नाही.

टप्पा ८ : परत आल्यावरचे पहिले दिवस, आणि वर्गात शिकवणं

गरिबी वर्गात कशी दिसते आणि आपण तिच्यावर आणखी कशी भर घालतो ते इथे कळतं, म्हणून जरा थांबून लिहितो.

मार्च-एप्रिलमध्ये पोर परत येतं. रंग रापलेला, हातावर पाचटाचे ओरखडे, गणवेश आखूड झालेला. आपण काय करतो? त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवतो. पाचवी आणि आठवीला तर आता वार्षिक परीक्षेत नापासही होऊ शकतं आणि पुनर्परीक्षा द्यावी लागते, म्हणून आपलीही घाई असते. पण पहिले तीन दिवस चाचणी नको. त्याची जागा तीच ठेवा, हजेरीत नाव घ्या, वर्गाचं एखादं काम द्या, फळा पुसणं, झाडाला पाणी घालणं. चौथ्या दिवशी पाच-सात मिनिटं एकट्याला बसवून वाचून घ्या आणि चार उदाहरणं करून घ्या, बस्स. मग पाचवी-आठवीवाल्यांची परीक्षेची तयारी, आणि जे राहील ते पुनर्परीक्षेच्या आधी, सुट्टी लागण्यापूर्वीच ठरवून घ्यायचं.

मग गट. इयत्तेप्रमाणे गट करू नका, काय येतं त्याप्रमाणे करा. अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, वाक्य वाचणारे, गोष्ट वाचणारे. तिसरी, चौथी, पाचवीची पोरं एका गटात आली तरी चालतात. रोज सकाळी दीड तास हे, बाकी वेळ नेहमीचा वर्ग. सहा आठवडे नीट केलं तर शब्द वाचणारं पोर वाक्यावर येतं, हा माझ्या वर्गातला अनुभव आहे. सहा आठवड्यांत पाच महिन्यांचा पोर्शन ‘कव्हर’ करायला गेलात तर काहीच होत नाही, आणि पोराला मात्र आपण ढ आहोत हे पक्कं पटतं.

गणितात त्याला काय येतं ते आधी विचारा. टन, खेप, मोळी, उचल, किती फिटली, किती राहिली, हे शब्द त्याच्या कानावर पाच महिने पडलेत. ‘समजा चाळीस हजार उचल, रोज सहाशे फिटतात, किती दिवस लागतील?’ हे उदाहरण आमच्या पाचवीतल्या एका पोराने कागद न घेता तोंडी सांगितलं, “सदुसष्टाव्या दिवशी फिटते गुरुजी, पण आजारी पडलं की नाही फिटत.” त्याला भागाकाराची मांडणी येत नव्हती. मांडणी मग दोन दिवसांत आली. फक्त एक जपायचं, उदाहरणातली घरं आणि आकडे समजा म्हणूनच घ्यायचे, कोणाच्या घरची खरी उचल वर्गात विचारायची नाही.

आता वर्गात सर्रास होणाऱ्या चुका. यातली एकही मुद्दाम कोणी करत नाही.

- ‘वही आणली नाही, उभा राहा.’ वही का नाही हे आपल्याला माहीत असतं. कपाटात दहा वह्या ठेवा, न बोलता एक पुढे सरकवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे, आणि चाळीस पोरांपुढे गरिबीसाठी उभं राहणं हा छळच आहे.
- ‘दिवाळीच्या सुट्टीत मी काय केलं’ हा निबंध. ज्याने कोयत्यामागं मोळ्या बांधल्या ते पोर खोटं लिहितं किंवा काहीच लिहीत नाही. विषय बदला, ‘मला दिसलेला एक रस्ता’ द्या, त्यात तेच पोर सगळ्यात जास्त लिहील.
- चार्टपेपर, थर्माकोल, चमकी कागद लागणारे प्रकल्प. प्रकल्प माती, बिया, पानं, जुन्या वर्तमानपत्राचे द्या. गॅदरिंगचा ड्रेस भाड्याने आणायला सांगितला की काही पोरं त्या दिवशी ‘आजारी’ पडतात, ती यादी एकदा तपासून बघा.
- गृहपाठ. कोपीत दिवा नाही, घरी परत आल्यावरही एकच खोली, त्यात बकरी, चूल आणि पाच माणसं. लेखी गृहपाठ शाळेतच शेवटच्या तासाला करून घ्या, घरी फक्त तोंडी काम द्या, आजीला एक गोष्ट विचारून ये, घरातल्या वस्तू मोजून ये.
- मदत वाटताना फोटो. दप्तर देताना पोराला रांगेत उभं करून फोटो काढायचा नाही. देणाऱ्याला स्पष्ट सांगा, फोटो हवा असेल तर दप्तरांचा काढा.

सकाळच्या पहिल्या तासाला ज्यांचं लक्ष लागत नाही, पोट दुखतंय म्हणतात, त्यांना बाजूला घेऊन विचारा काय खाऊन आलास. आमच्याकडे एका वर्षी असं विचारल्यावर वर्गातले सहा जण चहावर आलेले निघाले. त्यानंतर आम्ही अवघड विषय खिचडीनंतर घ्यायला लागलो आणि सकाळी समितीतल्या एका बाईंकडून शेंगदाणे-गुळाची सोय केली. वेळापत्रक बदलायला एक पैसा लागत नाही.

तपासा: परत आलेल्या पोरांपैकी कितींनी या आठवड्यात वर्गात स्वतःहून एखादा प्रश्न विचारला? कोणीच नाही, तर गट करूनही काहीतरी चुकतंय.

टप्पा ९ : शाळा बदलते ते वर्ष

गावातली शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवीला संपते आणि तिथेच मोठी गळती होते. दाखला हातात दिला आणि ‘पुढे चांगला शिक रे’ म्हटलं की आपलं काम संपलं असं समजायचं नाही. मे महिन्यात, आईबाप गावात असतात तेव्हाच, पोराला घेऊन पुढच्या शाळेत स्वतः जा आणि तिथल्या वर्गशिक्षकांना तुमच्या वहीतलं त्याचं पान फाडून द्या. मुलींचा प्रश्न जाण्यायेण्याचा असेल तर ग्रामीण भागातल्या विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून, पण बसची वेळ शाळेच्या वेळेला जुळते का ते एकदा स्टँडवर उभं राहून बघा. संध्याकाळची गाडी साडेसातला येत असेल तर पास असून आई पाठवणार नाही. तेव्हा चार मुलींची नावं घालून आगार व्यवस्थापकांना समितीचा अर्ज द्या, आमच्याकडे दुसऱ्या अर्जाला गाडी एक तास अलीकडे आली.

जून उजाडला की पुढच्या शाळेत फोन करून नाव घेऊन विचारा, ती आली का. नसेल आली तर त्याच संध्याकाळी तिच्या घरी जा, मुकादम पोळ्याला येतो, तुमच्याकडे दोन महिने आहेत.